सोनपापणी

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं वाल सोलत बसलो होतो.

मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. साल बोटात राहते, डाळिंबी उडून भांड्यात पडते. तिची भांड्यात पडायची. माझी कधी फरशीवर, कधी तिच्या मांडीवर.

"कॅन्टीनात हजार माणसांचा तळलात, आणि एक वाल सोलूक येत नाय," शालन म्हणाली. शालन म्हणजे माझी बायको. मालवणकडची. सगळा संसार घाटकोपरात केला तरी चिडली की मालवणीवर यायची.

मी म्हणालो, "तळलेली वस्तू अशी उडत नाही."

मोबाईल तिने पातेल्याला टेकवून ठेवला होता, स्पीकरवर. पलीकडे मुलगी, मनीषा. ती मुलुंडला असते. आम्हाला एकच.

"मनी, रगात दिलंस तपासूक?"

"अगं आई, आज जाणारच होते. पण सकाळी चहा घेतला गेला."

"तुझी रोजच चाय पिवन होता."

"उद्या जाते. उद्या नक्की. बास?"

"उद्या चाय पिव नको."

"नाही पीत."

"माझी शपथ घे."

"आता शपथ कशाला मध्ये? बरं. तुझी शपथ. उद्या उपाशीपोटी जाते."

फोन बंद झाला. शालनने ओल्या हाताने कपाळावरचे केस मागे केले आणि मला म्हणाली, "उद्या नाय गेली तर तुमी तिका धरून न्या."

मी म्हणालो, "तू आहेस ना न्यायला."

"मी सांगतंय ता ऐका."

आम्ही राहिलेले वाल सोलले. भांडं फ्रिजमध्ये ठेवलं. दुपारी ती गेली.

हे मी का लिहितोय

मी चौथी शिकलेला माणूस. पवईला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कढईवर होतो, तिथूनच रिटायर झालो. लिहिणं माझं काम नाही. पण हॉस्पिटलच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तात्या, तुम्ही बाकावर बसून इतरांना जे सांगत असता ते कागदावर उतरवा. मी म्हटलं, मला शुद्धलेखन येत नाही. त्या म्हणाल्या, हार्टला शुद्धलेखन लागत नाही.

तर लिहितो. डॉक्टरकी यात सापडणार नाही. ती डॉक्टरला विचारा. आमच्या घरात काय झालं तेवढं सांगतो.

सोन्याचं लक्षण

शालनच्या माहेरी बऱ्याच जणांच्या पापणीवर, नाकाकडच्या कोपऱ्यात, पिवळे डाग होते. मऊ, थोडे वर आलेले. हळदीचं बोट पुसल्यासारखे. त्या घरात त्याला सोनपापणी म्हणायचे. ज्याला सोनपापणी आली त्याच्या घरी लक्ष्मी नांदते, असा समज. मुलीला आली तर तिची ओटी भरायचे. खण, नारळ, तांदूळ, पेढे.

शालनला लग्नानंतर आली. मनीषा तेव्हा शाळेत जायची. माझ्या सासूबाई गावाहून खास आल्या, ओटी भरली, चाळीत पेढे वाटले. मी तर खूश. आपल्याकडे लक्ष्मी येणार. लक्ष्मी काही आली नाही, पण डाग राहिले. ते पुसायचे नसतात, औषध लावायचं नसतं, असा नियम होता. एकदा बाजारातल्या एका बाईने क्रीम लावायला सांगितलं तर शालनने तिच्याशी बोलणं टाकलं.

पुढे मनीषालाही आली. दोन्ही डोळ्यांना, आईसारखीच. शालनने तिची ओटी भरली. फोटो आहे घरात. दोघी शेजारी शेजारी, चारही पापण्या पिवळ्या, दोघी हसतायत.

दात दुखला

पहिला झटका आला तेव्हा झटका आहे हे आम्हाला कळलंच नाही. छातीत कळ येते, माणूस हात धरून खाली बसतो, असं आम्ही सिनेमात बघितलेलं. शालन गॅलरीत कपडे वाळत घालत होती. म्हणाली, खालचा जबडा दुखतोय, डावीकडचा. घाम फुटला होता. मी म्हटलं ऊन आहे. ती म्हणाली दाढ किडली असेल.

आम्ही दातवाल्याकडे गेलो. चालत गेलो, त्या उन्हात. त्या डॉक्टरने तिच्या तोंडाकडे बघितलं. तोंडात नाही, तोंडाकडे. खुर्चीत बसूच दिलं नाही. स्वतः खाली येऊन रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याला सांगितलं, सरळ हॉस्पिटल, मध्ये कुठे थांबायचं नाही. त्याचा माझ्यावर हा उपकार आहे. पुढे मी पेढे घेऊन गेलो तर म्हणाला, "काका, पेढे नकोत. दाढ दाखवायला आणा त्यांना, ती राहिली."

तर हे ध्यानात ठेवा. बाईमाणसाचा जबडा, पाठ, खांदा, नुसता थकवा, हे सुद्धा हार्टचं असू शकतं. घरात बसून अंदाज बांधू नका.

हॉस्पिटलातले दिवस

हृदयाच्या एका नळीत स्टेंट घातला. बाकीच्या नळ्या पण बारीक झाल्यात, असं सांगितलं. मी सहीच्या जागी सही केली.

आयसीयूत भेटायला एकच पास. सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ. चपला बाहेर काढायच्या, आत गेलं की काय बोलायचं ते सुचत नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तिला झोपलेली मी कधी नीट बघितलीच नव्हती. माझ्याआधी उठायची ना ती. नळ्या लावलेल्या, केस विस्कटलेले. मी म्हटलं, "बरी आहेस ना?" ती म्हणाली, "डाळीला फोडणी देऊन गॅस बंद केला होता की नाही?" मी बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

दिवसभर जिन्याखाली बसायचं. तिथे आमच्यासारखे खूप. कोण कुठला, काय झालं, कोणता डॉक्टर, हेच बोलणं. नाव पुकारलं की सगळे उठून उभे. दुसऱ्याचं नाव निघालं की बरं वाटायचं आणि लगेच लाज वाटायची.

शेजारच्या जिग्नाबेन डब्यातून मुगाची खिचडी पाठवायच्या. जैन बाई, आमच्या घरातल्या सुक्या बोंबलाच्या वासाने आयुष्यभर खिडकी बंद करून बसली, पण एक दिवस डबा चुकला नाही. वॉर्डातल्या एका मावशीने शालनची वेणी घातली. कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी शालन पहिल्यांदा उठून बसली. औषधं लागतातच. पण वेणीनेही माणूस उठतो, हे मी डोळ्यांनी बघितलं.

दोन रिपोर्ट

डिस्चार्जच्या आधी डॉक्टर मॅडमनी मला बोलावलं. शालन खुर्चीत बसली होती. मॅडमनी माझंही रक्त तपासायला लावलं होतं. माझं पोट बघून सांगितलं असावं.

मी बसल्या बसल्याच सांगून टाकलं, "मॅडम, घरातलं तेल बंद केलंय मी. चाळीस वर्षं कढईपुढे काढली, तेल काय चीज आहे मला ठाऊक आहे. ते रक्तात जाऊन चिकटतं."

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "हा तुमचा. हे ट्रायग्लिसराईड, म्हणजे रक्तातली एक चरबी, बघा. भात, गोड, आणि संध्याकाळचं ते पिणं."

"ते कधीतरी."

"कधीतरीचं रोज ना?" शालन म्हणाली.

"तर तुमचं हे वाढलंय," मॅडम म्हणाल्या. "खाणं सुधारलंत, चाललात, की बरंचसं उतरेल. आता यांचं बघा. यांचं ट्रायग्लिसराईड एकदम व्यवस्थित. चांगलं म्हणतात ते कोलेस्टेरॉल, तेही ठीक. पण हे वाईट कोलेस्टेरॉल बघा. शंभराच्या आसपास पाहिजे, ते तीनशेच्या वर आहे."

मला वाटलं कागद बदलला. मी म्हटलं, "ही चिमणीएवढं खाते. वजन नाही हिच्या अंगावर. खातो ते मी."

"तेच सांगते. कोलेस्टेरॉल नुसतं ताटातून येत नाही. आपलं लिव्हर ते बनवतं. शरीराला ते लागतंच. आणि वापरून उरलेलं रक्तातून परत उचलायचं कामही लिव्हरचंच. काही घराण्यांत हे उचलायचं काम जन्मापासून अर्धं बंद असतं. मग माणूस कितीही कमी खाऊ दे, ते रक्तात साठत जातं. लहानपणापासून."

मला ते माझ्या पद्धतीने समजलं. कॅन्टीनमध्ये उष्टी ताटं उचलायला दोन माणसं. त्यातला एक आला नाही की गिऱ्हाईक तेवढंच, जेवण तेवढंच, पण टेबलावर ताटांचा डोंगर. शालनच्या अंगात एक माणूस जन्मापासून गैरहजर. मी तसं बोललो. मॅडम म्हणाल्या, "असंच. आणि यांना सुरू केलेली ही गोळी नवीन ताटं कमी लावते आणि जो एक माणूस आहे त्याच्याकडून जास्त उचलून घेते."

मी विचारलं, चांगलं ठीक आहे तर ते वाईटाला धुऊन काढत नाही का? म्हणाल्या, एवढा डोंगर असल्यावर नाही.

मग त्यांनी शालनची टाच चाचपली, टाचेच्या वरची शीर. जाड होती. साठलेलं कोलेस्टेरॉल असं शिरेत, कातडीखाली बसतं, म्हणाल्या. मग डोळ्यांकडे वाकून बघितलं. "हे डाग कधीपासून?"

शालनने मान ताठ केली. "लग्नानंतर आली. आमच्यात सोनपापणी म्हणतत."

"वडिलांना होती?"

"होती तर. मोठी."

"वडील आहेत?"

"नाय. भात झोडताना खाली बसले ते उठलेच नाय. मी लहान होतंय."

"अजून कोणाला होती?"

शालन बोटांवर मोजायला लागली. काका. मोठी बहीण. आत्या. मोजता मोजता थांबली. बोट तिथेच राहिलं. ज्यांची नावं ती घेत होती ती सगळी तरणी गेलेली माणसं होती. कोणी देवळातून येताना, कोणी विहिरीवर. त्या घराला काहीतरी बाधा आहे, असं सगळे धरून चालले होते. दर वर्षी गावच्या देवाला गाऱ्हाणं घालायचे.

 

मग शालन म्हणाली, "माझ्या भावाक आसा. दिनूक." आणि मग माझ्याकडे बघत, हळू आवाजात, "मनीक आसा."

मॅडमनी सरळ सांगितलं, ते जसंच्या तसं लिहितो. डाग आहेत म्हणून आजार असेलच असं नाही. डाग नाहीत म्हणून नसेल असंही नाही. रक्त तपासल्याशिवाय कळणार नाही. आईला किंवा बापाला असेल तर प्रत्येक मुलात यायची शक्यता निम्मी. आणि लवकर कळलं तर गोळीने माणूस चांगलं आयुष्य काढतो. "यांना ही गोळी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मिळायला हवी होती," त्या म्हणाल्या. "तुमच्या मुलीला मिळू शकते."

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच काम होतं. मनीषाचं रक्त.

घरचं

शालनने गोळी चुकवली नाही. एका गोळीचा डोस वाढवला, मग दुसरी जोडली. आकडा निम्म्यावर आला. मॅडम म्हणाल्या, छान. पण जुनं साठलेलं होतं ते होतं. जिना चढताना मध्ये थांबायची. कोणी बघितलं तर गजरेवालीशी बोलायला थांबलेय असं दाखवायची. आमच्या जिन्यात गजरेवाली कधीच बसत नव्हती.

जेवणावरून भांडणं झाली. सुरुवातीला मी सगळं उकडून द्यायचो. ती ताट सरकवायची. मॅडमनीच मग मला गप्प केलं: मासे खाऊ दे, डाळिंबी खाऊ दे, नारळ बेताने, तळण नको. आणि हिच्यासाठी उकडताय तर स्वतः काय खाताय ते बघा. तेव्हापासून माझं संध्याकाळचं बंद झालं आणि भात कमी झाला. शालनला त्यात फार आनंद. म्हणायची, "हार्ट माझा गेला, पण पोट तुमचा उतरला."

भीती होतीच. ती आंघोळीला गेली की मी दाराबाहेर काहीतरी करत असल्यासारखा उभा. ती आतून म्हणायची, "जिवंत आसंय. जावा."

मनीषा

मुलीला सांगणं सोपं वाटलं होतं. रक्त द्यायला असा कितीसा वेळ लागतो.

पहिल्यांदा सांगितलं तेव्हा हसली. "बाबा, मी बारीक आहे. योगा करते. मला कुठलं कोलेस्टेरॉल?" मी म्हटलं, तुझी आई पण बारीकच आहे. तर म्हणाली पुढच्या आठवड्यात जाते. पुढच्या आठवड्यात चहा घेतला गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात मुलाची परीक्षा. मग पुन्हा चहा. लॅबवाले उपाशीपोटी या म्हणतात आणि हिचा चहा उठल्या उठल्या लागतो. चहा हे निमित्त आहे, हे मला समजत होतं. पण निमित्ताशी भांडता येत नाही.

एकदा मी तिच्या घरी जाऊन सरळ बोललो. आवाज चढला माझा. जावई संतोष आमच्या दोघांच्या मध्ये पाण्याचा ग्लास घेऊन उभा.

मनीषा म्हणाली, "तुम्ही दोघं मिळून मला पेशंट करायला निघालात. आईकडे बघते ना मी. जिना चढताना बघते. त्या कागदावर माझं नाव आलं की उद्यापासून मी पण तशीच बघायला लागेन स्वतःकडे."

"नाही आलं तर?"

"आणि आलं तर?" ती म्हणाली. मग डोळ्याला बोट लावून म्हणाली, "आईने याची ओटी भरली माझी. पेढे वाटले. तेव्हा हे सोनं होतं, आणि आता रोग? मग ती ओटी काय होती?"

 मी चप्पल घातली आणि निघालो. त्यानंतर बरेच दिवस ती घाटकोपरला आली नाही. फोन यायचा तो आईला.

घरी येऊन शालनला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ओटी तिची भरली होती, डागाची नाय. ता तिका मी सांगीन." सांगितलं तिने. एकदा नाही, रोज. फोनवर आधी भाजी काय केलीस, मग मुलगा कसा आहे, आणि शेवटी रगात दिलंस. ओरडली नाही कधी. माझ्यासारखी चप्पल घालून निघाली नाही. रोज तेच. म्हणून त्या सकाळी शपथेपर्यंत आलं.

दिनूची तऱ्हा वेगळी. शालनचा धाकटा भाऊ, मानखुर्दला राहतो. त्याला सांगितलं तर म्हणाला, "भावोजी, गावाक गाऱ्हाणा घालून इलंय. आता काय होवचा नाय."

मी म्हटलं, "दिन्या, तुझ्या बापाने पण घातलं होतं."

"तुमी देवाक मानत नाय."

"मानतो. देव रक्त काढत नाही."

तो हसला आणि विषय बदलला. त्या घराण्याला विषय बदलायला फार छान येतं.

ती दुपार

वाल फ्रिजमध्ये ठेवल्यावर तिने आंघोळ केली. देवाला फूल वाहिलं. जेवायला अजून वेळ होता. म्हणाली, जरा पडते. मी पेपर वाचत होतो. तिने हाक मारली नाही. मीच काहीतरी सांगायला वळलो, तर हात खाटेच्या खाली आलेला.

जिग्नाबेनचा मुलगा धावला, गाडी मिळाली, हॉस्पिटल तेच. मॅडम स्वतः खाली आल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा मला समजलं. त्या म्हणाल्या, "तात्या, त्यांनी सगळं केलं. गोळी वेळेवर, सगळं. उशीर आधीच झालेला होता, तुमच्या दोघांच्या हातात नव्हतं ते."

मग म्हणाल्या, "मुलीचं झालं का?"

काही लोकांना हा प्रश्न वाईट वाटेल, त्या वेळेला. मला नाही वाटला. मी म्हटलं, उद्या आहे.

संध्याकाळी सगळं उरकलं. मी रडलो की नाही मला आठवत नाही. लोक म्हणतात रडलो. दिनूने मला धरलं होतं. घरी परत आलो तर चूल पेटवायची नव्हतीच. कडू घास म्हणून नातेवाइकांनी आणलेला पिठलं-भात झाकून ठेवला होता. मनीषाने ताटाला हात लावला नाही. दिनूनेही नाही. मी बघत होतो. कोण काय खातंय ते बघायची सवय कॅन्टीनची.

सकाळ

सकाळी घरात माणसं आडवीतिडवी झोपली होती. मी उठून तोंड धुतलं. तिची गोळ्यांची डबी ओट्यावर होती. ती तिथेच राहू दिली.

जिग्नाबेन मोठा थर्मास भरून चहा घेऊन आल्या. ग्लासही आणले होते. मनीषा भिंतीला टेकून बसली होती, डोळे सुजलेले. सुजल्यामुळे ते पिवळे डाग जास्तच दिसत होते. जिग्नाबेनने तिच्यासाठी चहा ओतला. तिने हात पुढे केला.

मी ग्लास मध्येच घेतला.

"मनीषा, चहा घ्यायचा नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. काय बोलतोय हे कळलं नसावं.

"काल काय बोललीस आईला?"

 संतोष उठून बसला. दिनूची बायको पदर तोंडाला लावून बघायला लागली.

"बाबा, आज?"

"उद्या म्हणालीस. आज उद्या आहे."

दिनू उभा राहिला. "भावोजी, डोक्यावर परिणाम झालो काय? सुतक आसा. राख भरूक जावचा आसा. लोक काय म्हणतले?"

"राख कुठे जात नाही, दिन्या. दुपारी भरू. लोक काय म्हणायचं ते म्हणतील, मी ऐकून घेईन, मला आता दुसरं काय काम आहे? पण काल सकाळपासून हिच्या पोटात अन्न नाही. तुझ्याही नाही. असा उपास तुम्ही परत कधी करणार? हा चहा पोटात गेला की पुन्हा पुढच्या आठवड्यात."

खाली गल्लीत पाणी आलं होतं, बादल्यांचा आवाज येत होता.

मी मनीषासमोर जमिनीवर बसलो. गुडघे दुखतात माझे, तरी बसलो. म्हटलं, "तू मला विचारलं होतंस, ती ओटी काय होती. मला तेव्हा उत्तर आलं नाही. आता पण येत नाही. आईने दिलं ते तुला माहीत आहे, ओटी तुझी भरली होती, डागाची नाही. तिने मला सांगून ठेवलं, नाही गेली तर धरून न्या. वाल सोलताना सांगितलं. तिचं शेवटचं सांगणं ते. मी तुला ओढत नेणार नाही, ताकद नाही माझ्यात. पण तुला सोडून मी उठणार नाही."

ती रडायला लागली. मी बसून राहिलो. संतोषने तिची चप्पल आणून पुढे ठेवली. तो जावई मला तेव्हापासून आवडतो.

ती उठली. तोंड धुतलं नाही, साडी बदलली नाही, तशीच दाराकडे गेली. मी थर्मास काखेत घेतला.

खाली रिक्षा थांबवली. मनीषा बसली, मी बसलो. रिक्षावाला मीटर टाकणार तेवढ्यात दिनू आला. माझ्याकडे बघितलं नाही. मला सरकवलं आणि काठावर बसला. त्याचे पाय अनवाणी होते. म्हणाला, "चल रे."

नाक्यावरची लॅब नुकतीच उघडत होती. आत टेबलावर एक बाई, हातमोजे चढवत. आमच्याकडे बघून तिला अंदाज आला असावा, आवाज हळू केला तिने. मनीषाला खुर्चीत बसवलं.

"काही खाल्लंय सकाळपासून?"

"काल सकाळपासून नाही," मी म्हटलं. "घरात चूल पेटलेली नाही."

बाईने मान हलवली. पाणी प्यायलात ना, विचारलं. मनीषा हो म्हणाली. दंडाला पट्टा बांधला. शीर शोधताना दुसऱ्या हाताने कागद ओढला. "लिपिड प्रोफाईल. डॉक्टरांचं नाव काय लिहू? कोणी सांगितलीय टेस्ट?"

मी मॅडमचं नाव सांगायला तोंड उघडलं. मनीषा आधी बोलली.

"आईने."

बाईने पेन थांबवलं. काही लिहिलं नाही. सुई घातली. मनीषाने तोंड फिरवलं नाही, बाटलीत रक्त उतरत होतं तिकडे बघत राहिली. रक्त लालच होतं, सगळ्यांचं असतं तसं.

कापूस दाबून ती बाजूच्या बाकावर येऊन बसली आणि दिनू बाही वर करत खुर्चीकडे गेला.

मी थर्मासचं झाकण काढलं आणि तिला चहा ओतून दिला. अजून गरम होता.